मंडळाचा माथा

मी आयुष्यात एकच डोंगर चढले, आणि तोही एका खोलीसाठी. निसर्गाची ओढ म्हणतात ती मला कधी लागली नाही. परळच्या आमच्या चाळीत नळावरची भरलेली बादली तिसऱ्या मजल्यावर नेणं एवढी चढण मला रोजची पुरत होती.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. दिसेल त्या भिंतीवर चुन्याने घोषणा रंगवलेल्या. मोर्चा निघाला की चाळीतल्या बायका पुढच्या रांगेत असायच्या. मी स्वतः दोन दिवस कोठडीत बसून आले होते. त्याचं चाळीतल्या पुरुषांना केवढं कौतुक! परत आले तेव्हा त्यांनी मला हार घातला. तळमजल्यावर त्यांच्या व्यायाम मंडळाची खोली होती. तिथे मात्र आम्हाला उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. अपवाद एक, झाडू मारायला.

त्या खोलीत एक कॅरम बोर्ड, चार मुद्गल, गणपतीच्या मखराचे पुठ्ठे आणि भिंतीवर एक फोटो, एवढाच संसार होता. संध्याकाळी पुरुष जमायचे. दुपारी बारा ते चार मात्र तिथे पालींशिवाय कोणी नसे.

मला हवे होते तेच चार तास. दादरला जाऊन मी शिवणाची परीक्षा दिली होती आणि आमच्या मजल्याच्या गॅलरीत पाचजणींना शिकवत होते. मशीन एकच, माझं. त्याच्या खडखडाटाने रात्रपाळीचे लोक झोपेतून उठून भांडायला येत. मशीन आत घ्यावं तर आमची खोली दहा बाय दहाची, तीत आम्ही सातजण. अशात दादरच्या एका महिला संस्थेने वर्गाला तीन मशिनं देऊ केली. त्यांची अट सरळ होती: महिनाअखेरपर्यंत पक्की जागा दाखवा, नाहीतर मशिनं दुसऱ्या वर्गाला जातील. म्हणजे खोली मिळाली तर वर्ग, नाहीतर गॅलरीतलाही बंद. गॅलरीबद्दलच्या तक्रारी घरमालकाच्या माणसापर्यंत पोचल्या होत्या.

आमचे हे मंडळाचे चिटणीस. मी एका रात्री पानं वाढता वाढता विषय काढला.

"अहो, मंडळाची खोली दुपारची द्या की आम्हाला."

"मी कोण देणारा? ते मंडळ ठरवणार."

"मंडळ म्हणजे कोण?"

"म्हणजे... आम्हीच."

"मग तुम्हीच ठरवा."

"असं कसं? सभेत विषय यायला हवा. विषय चिटणीसाकडे लेखी द्यावा लागतो."

मी शेल्फावरून पोराची पाटी घेतली, तिच्यावर विषय लिहिला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "आमटी पातळ झालीय."

सभा झाली. आम्ही सहाजणी उंबऱ्याबाहेर उभ्या. अध्यक्ष गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. खात्यातल्या यंत्रांच्या गोंगाटात बोलायची सवय असल्याने ते घरातही ओरडूनच बोलत, आणि गळ्यात कायम एक शिटी असे. माणूस वाईट नव्हता. चाळीत कोणी आजारी पडलं तर मदतीला धावायला पहिले तेच. पण मंडळ हे त्यांचं पहिलं अपत्य होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "खोलीवर हक्क पक्क्या सभासदांचा. आणि पक्का सभासद कोण? नियम तिसरा. जो मंडळाच्या मोहिमेत डोंगराच्या माथ्यावर पोचला तो. आमच्यातला एकेक गडी माथा गाठून आलाय. हा फोटो बघा."

फोटोत धुक्यात उभे आठ पुरुष होते, मध्ये बांबूला लावलेला झेंडा. कर्जतजवळच्या एका डोंगरावर मंडळ दर श्रावणात जायचं. तिथून गिरणीचं धुराडं दिसतं असं अध्यक्ष पोरांना सांगत.

"नियमात बायकांना मनाई आहे का?" मी विचारलं.

आमच्या ह्यांनी नियमावली उघडली आणि नको तितका वेळ पाहिली. "मनाई नाही," ते हळूच म्हणाले.

"मग आम्ही सहाजणी चढतो. पक्क्या सभासद होतो आणि दुपारची खोली मागतो."

आत हसू पिकलं. कोणी म्हणालं, "वाटेत पाळणा कोण हलवणार?" दुसरा म्हणाला, "वर नळ नाही म्हणावं, भांडायचं कुणाशी?" अध्यक्षांनी शिटी वाजवली, सगळे गप्प झाले. अध्यक्षांनाही गंमत वाटत होती.

"ठरलं. येत्या रविवारी. साही जणी, दुपारी एकच्या आत, माथ्यावर. एक जरी कमी भरली तरी खोलीचा विषय बंद. आम्ही तिघं साक्षीला वर बसून राहतो."

"आणि वाट?"

"वाट चुकायचं कामच नाही," ते म्हणाले. "दिवाळीनंतर आमच्या गड्यांनी कातळाकातळावर चुन्याने घोषणा रंगवलीय. एका कातळावर एकच शब्द. पायथ्याला 'मुंबईसह'. झऱ्यापाशी 'संयुक्त'. खिंडीत 'महाराष्ट्र'. धारेवर 'झालाच'. आणि 'पाहिजे' आलं की माथा. घोषणा वाचत या."

आता माझ्या पाचजणी कोण ते सांगते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकी मालवणकडच्या, साठीच्या आसपास. त्यांना शिवणाचं काही पडलेलं नव्हतं. वर्गात त्या गप्पा मारायला बसत. पण एक बाई नोंदणीला कमी पडत होती म्हणून मी त्यांना घेतलं होतं. दोघी जावा, एकीने दोरा उजवीकडून ओवला की दुसरी डावीकडून ओवणार. पहिल्या मजल्यावरची एक विधवा बाई, फार कमी बोलणारी. वर्गाची खरी गरज तिलाच होती. शिवण आलं असतं तर तिला दुसऱ्यांची भांडी सोडता आली असती. आणि डिलाईल रोडच्या चाळीतली एक मुलगी, परळच्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घेणारी. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. घरातलं देव्हाऱ्याचं फडताळ रिकामं झालं, त्यात आता माझी पुस्तकं मावतात, असं ती आनंदाने सांगायची.

रविवारी सकाळी आम्ही कर्जतला उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. अध्यक्ष, आमचे हे आणि मंडळाचे खजिनदार त्याच गाडीने आले होते, पण दुसऱ्या डब्यातून. साक्षीदारांनी स्पर्धकांपासून लांब राहायचं असतं म्हणे. जाताना ह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "डब्यात काय आहे?"

"तुम्ही साक्षीदार आहात," मी म्हटलं. "तुमच्याशी बोलायचं नाही."

ते तिघे तरातरा पुढे गेले. अर्ध्या तासाने आम्ही निघालो.

आमचा थाट सांगण्यासारखा होता. दोघी जावांनी नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला. नर्सच्या पायात इस्पितळातले पांढरे बूट. मी मोठ्या मुलाचे कॅनव्हासचे बूट घातले होते, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. काकी अनवाणी.

"काकी, वहाणा तरी घालायच्या होत्या."

"कित्याक? डोंगार माका नवो नाय गो. म्हायेराक पाण्याक जाताना रोज चढूचो लागे. तेव्हा वर शिटी मारूक कोण नसायचो, एवढोच फरक."

गावाबाहेर पडलो आणि पायथ्याला भल्या मोठ्या कातळावर 'मुंबईसह' दिसलं. अक्षर सुरेख होतं, हे मान्य करायला हवं. तिथून वाट करवंदांच्या जाळ्यांमधून वर निघाली. पहिल्या चढणीलाच माझा घसा कोरडा पडला. कोठडीत बसून राहायचं असतं, तिथे माझी काही अडचण नव्हती. इथे मात्र छाती भात्यासारखी वाजू लागली. काकी पुढे जाऊन एका दगडावर बसून आमची वाट पाहायच्या, आणि आम्ही पोचलो की उठून पुन्हा चालू लागायच्या. त्यामुळे विश्रांती फक्त त्यांनाच मिळायची. नर्सने माझी नाडी बघितली.

"ताई, किती पडतेय माहितीय?"

"सांगू नकोस."

"बरं. पण बोलू नका थोडा वेळ."

"बायकांक गप्प करूक डोंगार लागता," काकी म्हणाल्या.

झरा आला, 'संयुक्त' आलं. पाणी प्यायलो. झऱ्याशेजारी शेंदूर फासलेला एक दगड होता. काकींनी कनवटीची हळद-कुंकवाची पुडी काढली आणि दगडाची ओटी भरायला बसल्या. पाच तांदूळ, एक सुपारी, सगळं रीतसर. धाकटी जाऊ बसली म्हणून थोरलीही बसली. पुढे आणखी एक दगड, पुन्हा तेच. तिसऱ्या दगडाला मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

"काकी, एकच्या आत पोचायचंय. परतताना भरा ओटी."

"वर जातंय ता देवीच्या परवानगीन. परतताना परवानगी मागान काय उपयोग?"

नर्स लांब उभी राहून हसत होती. "मी पुढे जाऊन वाट बघते," ती म्हणाली. "मला आता परवानगी मागायची राहिलेली नाही." आणि ती निघाली. काकींनी तिच्याकडे पाहिलं, मग उरलेले तांदूळ भराभरा दगडावर टाकले आणि तिच्या मागे चालू लागल्या. त्या दोघींचं कधी जमतं आणि कधी नाही, हे मला कधीच कळलं नाही.

खिंडीत पोचलो तेव्हा 'महाराष्ट्र' समोरच होता. इथे दोन्ही बाजूंना धारा वर जात होत्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडे वाट मळलेली, रुंद. उजवीकडे पिवळं गवत कमरेइतकं वाढलेलं, मध्ये बारीकशी पायवाट.

"आता 'झालाच' शोधा," मी म्हटलं.

उजवीकडच्या धारेवर, पन्नास पावलांवर, कातळावर पांढरं ठसठशीत 'झालाच' दिसलं. डावीकडे काही दिसेना. तिकडे एक झुडूप फोफावलं होतं. त्यामागे अध्यक्षांचं 'झालाच' दडलंय हे आम्हाला पुढे कळलं. आम्ही निमूट उजवीकडे वळलो.

कातळापाशी गेलो तेव्हा 'झालाच'च्या खाली 'पाहिजे'ही होतं. तेवढंच नाही, शेजारच्या दगडावर पूर्ण घोषणा, त्याच्यापुढच्या दगडावर पुन्हा पूर्ण घोषणा. थोरली जाऊ खूश झाली. "पाहिजे आलं की माथा! पोचलो की आपण!"

"बसा गो," काकी म्हणाल्या आणि बसल्यासुद्धा.

मी आजूबाजूला पाहिलं. साक्षीदार नाहीत, झेंडा नाही. आणि समोर धार चांगली वर चढत होती. तेवढ्यात एक ठाकरीण डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन वरून उतरली. मी तिला विचारलं, "बाई, ही अक्षरं कोणी काढली?"

"आमच्या पोरांनी. मुंबईच्या पोरांनी खाली काढली, मग आमच्यांनी बी काढली. चुना उरला होता, सरेपर्यंत काढली."

"आणि माथा कुठाय?"

तिने मोळी न उतरवता मला खालून वरपर्यंत पाहिलं. मुलाच्या बुटांपाशी तिची नजर जरा थांबली. "चढत जा. चढ सरला की माथा," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवसांत चळवळीत नसलेला दगड सापडणं कठीण, हे आमच्या मंडळाला सुचायला हवं होतं. अख्खा मुलूख जी घोषणा लिहीत होता, तीच त्यांनी खुणेसाठी निवडली. स्टेशनवर पाहुण्याला उतरवून घेताना 'पांढरा सदरा घातलेला माणूस' एवढीच खूण सांगावी, त्यातली गत.

परत खिंडीत जायचं का? बारा वाजून गेले होते. खाली उतरून दुसरी वाट शोधण्यात अर्धा तास गेला असता, आणि ती तरी बरोबर कशावरून? मी हिशेब केला तो साधा. माथा म्हणजे ज्याच्यावर आणखी काही नाही तो. साक्षीदार माथ्यावर बसलेत. ही धार माथ्याकडे जाते. मग गेलो की भेटतीलच.

"उठा," मी म्हटलं.

"पाहिजेच्या पुढे काय असता?" काकींनी विचारलं.

"मिळणं असतं," विधवा बाई म्हणाली. खाली गाडीतून उतरल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य. ती सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

धार अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंना उतार सरळ खाली गेलेला. चांगल्या घरातल्या बायका म्हणून आम्ही एकमेकींचे हात धरले नव्हते, ते आता धरले. कायम भांडणाऱ्या दोघी जावा एकमेकींच्या पदराची गाठ मारून चालत होत्या. तू पडलीस तर मी पडेन, असं दोघी एकमेकींना बजावत होत्या. त्यात प्रेम किती आणि धमकी किती, देव जाणे. एका ठिकाणी कातळाची पायरी छातीइतकी उंच आली. नर्स आधी चढली, वरून तिने हात दिला. काकींना खालून मी ढकललं. "हळू गो, मी काय गादी आसंय?" त्या ओरडल्या. पण वर पोचल्यावर म्हणाल्या, "ह्या शिटीवाल्याक हय कोणी ढकलल्यान असात?"

तो प्रश्न माझ्याही मनात आला होता. अध्यक्षांचं पोट पाहता त्यांना ढकलायला निम्मं मंडळ लागलं असतं.

एकला दहा मिनिटं असताना चढ सरला.

वर एक लहानसं पठार होतं, आमच्या चाळीच्या गच्चीएवढं. साही जणी पोचल्या होत्या, मी दोनदा मोजल्या. वाऱ्याने पदर टिकेना. एका अंगाला खाली कापलेल्या भातशेतीचे चौकोन, उल्हास नदी, तिच्या कडेने रूळ आणि पलीकडे माथेरानचा सपाट डोंगर. दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची सबंध भिंत, निळी, उन्हात न्हालेली. सुंदर होतं. मी ते उभ्याने दोन मिनिटं पाहिलं. मुंबईच्या दिशेला नुसती धूसर वाफ होती. धुराडंबिराडं काही दिसत नव्हतं.

पण साक्षीदारही दिसत नव्हते.

आमच्याकडे घड्याळ होतं, सहाजणी होत्या, माथा होता. पाहणारं मात्र कोणी नव्हतं. उद्या चाळीत कोण विश्वास ठेवणार? तीन मशिनं डोळ्यांपुढून दुसऱ्या वर्गाकडे चाललेली मला दिसू लागली.

"ताई," नर्सने हाक मारली. ती पठाराच्या टोकाला उभी होती. "इकडे या. खाली बघा."

खाली, डावीकडच्या धारेवर, चांगलंच खाली, एक उंचवटा होता. पाठीवर आवाळू यावं तसा. त्यावर बांबू रोवलेला, बांबूला मंडळाचा झेंडा. झेंड्याखाली तीन पुरुष आमच्याकडे पाठ करून पायवाटेवर नजर लावून बसले होते. एकजण काहीतरी खात होता. ते आमचे हे.

आम्ही साही जणी टोकाला आलो. धाकटी जाऊ फसकन हसली आणि मग कोणालाच आवरेना.

"अहो!" मी हाक मारली.

तिघे ताडकन उठले. खाली वाटेकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. अध्यक्षांनी शिटी फुंकली.

"कुठून ओरडताय?" ह्यांचा आवाज आला.

"वरून!"

"वर कुठे? वर तर आम्ही आहोत!"

"मागं वळा नि मान वर करा, मेल्यांनो!" काकी गरजल्या. एरवी त्यांची जीभ मालवणी सोडत नसे, पण एवढं मात्र त्यांनी पुरुषांना नीट कळेल अशा भाषेत सांगितलं.

तिघांनी माना वर केल्या. खजिनदारांची टोपी पडली.

अध्यक्ष तिथूनच ओरडले, "वहिनी, तो वेगळा डोंगर! मंडळाचा माथा हा! खाली या! सात मिनिटं राहिलीत!"

दोन्ही धारा वर एकत्र येत होत्या, मध्ये फक्त एक उथळ खोलगट होती. एकच डोंगर, एकच पाठ. मी एकटी पळत उतरले असते, पण अट साही जणींची होती. काकींनी तर फतकल मारली. "मी खाली जावन परत वर चढूचंय नाय. देवीची परवानगी हयलीच होती."

मी पदर खोचला आणि ओरडूनच विचारलं, "अध्यक्ष, नियम तिसरा काय?"

अध्यक्षांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

"डोंगराच्या माथ्यावर पोचला तो पक्का सभासद. बरोबर? मग आज मंडळात पक्के सभासद किती? मी सांगते. सहा. सगळ्या इथे उभ्या आहेत. तुमच्यातला एकही नाही."

आमच्या ह्यांनी हातातला घास हळूच पुन्हा डब्यात ठेवला, हे मी स्वतः पाहिलं.

मग अध्यक्ष निघाले, एकटेच. खोलगटीत उतरले, आणि आमच्या बाजूची चढण चढू लागले. दर दहा पावलांवर थांबत होते. कातळाच्या शेवटच्या पायरीला अडले, तेव्हा विधवा बाईने वरून हात दिला. नेसूच्या लुगड्याला आधी पुसून, मग.

वर आल्यावर आधी त्यांनी माथेरान पाहिलं, मग सह्याद्री, आणि सगळ्यात शेवटी खाली, मंडळाचा झेंडा.

"पहिल्या वर्षी धुकं होतं, वहिनी," ते म्हणाले. ओरडले नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. "वर काही आहे असं दिसलंच नाही. झेंडा रोवला, फोटो काढला, चाळीत ढोल वाजवून सांगितलं. दुसऱ्या वर्षी उघडीप पडली तेव्हा दिसलं. पण तोवर फोटो भिंतीवर लागला होता."

"आणि पोरांनी विचारलं नाही?"

"विचारलं. म्हटलं, तो वेगळा डोंगर."

त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं नाही. त्यांना हरवायची मला हौस नव्हती, मला खोली हवी होती. हरलेला अध्यक्ष रागाने खोलीला कुलूप लावतो. मिंधा अध्यक्ष किल्ली देतो. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही, मी एकत्र कुटुंबात नांदलेली बाई आहे.

"हे बघा," मी म्हटलं, "आता तुम्हीही वर आलात. म्हणजे पक्के सभासद सात, आणि सातांत अध्यक्ष आहेत. सभा इथेच घ्या. विषय एकच. रविवार सोडून रोज बारा ते चार, खोली शिवणवर्गाला. फोटोबद्दल मंडळाच्या सभासद म्हणून आम्ही बाहेर काही बोलणार नाही."

"साही जणी?"

मी काकींकडे पाहिलं. काकी आकाशाकडे पाहत होत्या.

"पाचजणींची हमी मी देते," मी म्हटलं.

ते खळखळून हसले. शिटी फुंकली आणि म्हणाले, "ठराव मंजूर." मग आम्ही सगळ्यांनी तिथेच डबे सोडले. चपात्या, लसणाची चटणी आणि काकींचा सुका जवळा. अध्यक्षांना एक चपाती जास्त वाढली.

आमचे हे आणि खजिनदार वर आलेच नाहीत. सामानाची राखण करत होतो, असं ते आजही सांगतात. त्यामुळे मंडळाचे चिटणीस नियमाप्रमाणे कधीच पक्के सभासद झाले नाहीत. घरात कोणत्याही वादात मी हे काढत नाही. काढायची गरजच पडत नाही.

काकींनी सोमवारी सकाळी नळावर सगळं सांगितलं, तेही अभिनयासकट. पण मंगळवारी किल्ली आली, कारण ठरावावर अध्यक्षांची सही झाली होती आणि ते शब्दाला पक्के होते. संस्थेची बाई येऊन खोली पाहून गेली. महिना संपायला चार दिवस असताना तीन मशिनं हातगाडीवरून आली आणि मंडळाच्याच पोरांनी ती आत नेली.

अध्यक्षांनी दारामागे एक कागद चिकटवला होता. शिवणवर्गासाठी नियम. कॅरमवर कापड बेतू नये. मुद्गलांना दोरे गुंडाळू नयेत. आणि तिसरा: संध्याकाळी गडी उघड्या पायांनी जोर काढतात, तरी जमिनीवर सुई राहता कामा नये. नियम रास्त होते. आम्ही रोज चार वाजता जमीन झाडून, वर चुंबक फिरवून जायचो. नर्सने तो कुठून आणला हे मी विचारलं नाही.

तरी दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या खोलीचं दार वाजलं. अध्यक्ष होते. एका पायावर भार टाकून उभे. मी काही बोलायच्या आत त्यांनी मूठ पुढे केली आणि माझ्या तळहातावर एक सुई ठेवली.

"तुमची असेल, वहिनी," ते म्हणाले. "दुपारी लागेल."

आणि लंगडत जिना उतरून गेले.